गेलेल्या घराचा वाटा

शकुबाईने प्रेमिलाला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि क्षणभर तिला तो कुणी पुरुषच वाटला. कमरेला फुलाफुलांची लुंगी, वर पांढरं पोलकं, डोक्यावर टिनाची पेटी. १९५३ साल सरत आलं होतं. धान कापून झालं होतं आणि शकुबाई तळ्याच्या काठाशी भाताचा गंज राखेने घासत बसली होती. ती बाई पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, उतरून आली, पेटी खाली ठेवली, चपला काढल्या. पाण्यात पाय घालण्याआधी तिने ओंजळभर पाणी घेतलं आणि मागे न पाहता खांद्यावरून मागे टाकलं.

शकुबाईचा हात थांबला. गावातले सगळे ढिवर, मासोळी धरणारे, तळ्यात उतरताना पाणी कपाळाला लावत. खांद्यावरून मागे टाकायची रीत एकाच घराची होती. आधी आपल्या मेलेल्यांना पाणी, मग आपले पाय, असं त्या घरचे म्हणत. ते घर रामाजीचं. शकुबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा शेजारच्या अंगणातला रामाजी तिने असं पाणी टाकताना पाहिला होता. तो गेल्यावर तसं पाणी टाकणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

"कोन गावची व तू?" शकुबाईने विचारलं.

"इथलीच." बाई वळली. तिशीच्या आतली, सावळी, थकलेली. "रामाजी ढिवराची पोरगी. नाव प्रेमिला. रंगूनहून येऊन राह्यली."

"आन रामाजी?"

"थो जहाजात चढाच्या आधीच गेला, बाई. मले रस्ता सांगून ठेवला होता. नागभीडले छोट्या गाडीतून उतरजो, पाळीवरचा पिंपळ दिसला का समज घर आलं."

शकुबाई ऐकतच राहिली. तिच्या सासूच्या पिढीची माणसं जशी बोलत, तसंच ही पोरगी बोलत होती. गावातल्या तरुणांच्या तोंडून गेलेले शब्द तिच्या तोंडात जसेच्या तसे होते.

रामाजीचं घर कधीच मातीला मिळालं होतं. तिथे आता एरंडीची झुडपं होती. शकुबाईने पेटी उचलली आणि प्रेमिलाला आपल्या घरी नेलं.

रात्रीचं जेवण झालं की प्रेमिला सांगत बसे. बाप आधी रेल्वेच्या कामावर गेला, तिथून एका मुकादमाने कलकत्त्याच्या गोदीत नेला, तिथून जहाजाने रंगूनच्या भाताच्या गिरणीत. तेव्हा नागभीडलाही त्याच राजाचा शिक्का चाले आणि रंगूनलाही. आपण परदेशी चाललो असं रामाजीला वाटलंच नव्हतं. पुढे इंग्रजांनी ब्रह्मदेश वेगळा काढला आणि गिरणीच्या दारात उभ्या उभ्या तो परका झाला. तिथे त्याने गिरणीतल्याच एका तेलंग्याची मुलगी केली. लढाईत जपानी आले. मग आझाद हिंदवाले आले. त्यांच्या सभेत प्रेमिलाच्या आईने गळ्यातले सोन्याचे मणी काढून दिले. प्रेमिलाचा नवरा फौजेबरोबर डोंगराकडे गेला, तो आलाच नाही. लढाई संपली, दोन्ही देश मोकळे झाले, आणि गल्लीतली ओळखीची बर्मी पोरं तिला म्हणू लागली, आता आपल्या देशात जा.

"तिकडं आमाले कला म्हणत," ती म्हणाली. "कला म्हंजे हिंदुस्थानचा मानूस. तोंडावर थुकल्यासारखं म्हणत. बाप म्हणे, म्हणू दे, आपल्या तळ्यावर आपल्याले कोनी कला म्हणनार नाई."

इथे पोरं तिला बर्मावाली म्हणत. शकुबाई त्यांच्यावर खेकसायची, पण ते नाव चिकटलंच.

भैयाजीला मात्र ती आल्याचा फार आनंद झाला. भैयाजी गावातला पुढारी, पांढरी टोपी घालणारा. आपल्या गावात आझाद हिंदची बाई आहे हे तो सिंदेवाहीच्या बाजारात सांगून आला होता. सव्वीस जानेवारीला शाळेपुढे झेंडा लागला तेव्हा त्याने तिला पुढे उभं केलं. प्रेमिलाने टाचा जुळवल्या, छाती काढली आणि कवायतीच्या आवाजात 'जय हिंद' म्हटलं. पोरं हसली. बाया पदरात हसल्या. भैयाजीने टाळ्या वाजवायला लावल्या आणि तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. शकुबाईने तो हार घरी खुंटीला टांगला. तो वाळून गेला तरी प्रेमिलाने काढू दिला नाही.

पण प्रेमिलाला हार नको होता. तिला तळ्यातली बापाची जागा हवी होती. "मी जाळं फेकू शकतो, बाई," ती म्हणायची. "बापानं रंगूनच्या खाडीत शिकवलं. वैशाखात उतरीन."

हे ऐकलं की शकुबाई चुलीत काहीतरी सारत बसायची.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन तळं सरकारचं झालं होतं, पण मासोळीची वाटणी अजून ढिवरांच्या जुन्या रीतीनेच होई. वैशाखात पाणी खाली गेलं की सगळी घरं जाळी घेऊन एकदम उतरत आणि पाळीवर घरागणिक मासोळीचे ढीग लागत. जाळं टाकणारं माणूस नाही, त्या घराला ढीग नाही. मात्र पोटासाठी गाव सोडून गेलेलं घर असेल तर त्याच्या नावाने एक ढीग लागायचाच. त्याला गेलेल्या घराचा वाटा म्हणत. तो ढीग लागतो तोवर त्या घराची तळ्यातली जागा शाबूत. तो खायला मिळे बिनजाळ्याच्या एखाद्या विधवेला. तिच्यावर एकच जबाबदारी असे. गेलेलं माणूस परत आलं तर पाळीवर सगळ्यांदेखत तिनेच त्याला ओळखायचं. त्या दिवशी ती बोलेल ते कायमचं, पुन्हा बदलता येत नसे.

रामाजीच्या घराचा वाटा नवरा बाबुलाल वारल्यापासून शकुबाई खात होती. त्या ढिगातली मासोळी सुकवून तिचा पावसाळा निघे. भाताच्या रोवणीच्या आधी, हाताला काम नसतं त्या दिवसांत, तेवढंच तिचं कालवण. प्रेमिला रामाजीची ठरली की शकुबाईचा ढीग गेला. प्रेमिला म्हणायचीच, "माह्या ढिगातलं तू खाजो." पण दुसऱ्याच्या हातून खायचं म्हणजे काय, हे शकुबाईने सासरी-माहेरी दोन्हीकडे पाहिलं होतं. आणि ही तरुण बाई, उद्या लग्न करून गेली तर?

वैशाख आला. त्या सकाळी सगळी घरं पाळीवर जमली. प्रेमिलाने लुंगी गुडघ्यावर खोचली होती आणि उसनं आणलेलं जाळं खांद्यावर टाकलं होतं. ढिवरांचा म्हातारा म्होरक्या मुखरू पिंपळाखाली बसला होता.

"थांब व," तो म्हणाला. "जाळं घेऊन कुठी चालली?"

"बापाच्या जागी, मुखरूभाऊ."

"बाप तुया कोन हे ठरू दे ना."

लच्छू नावाचा तरणा ढिवर हसत म्हणाला, "अगा भाऊ, झेंड्यापुढं उभी राह्यते थे. फौजेची मानूस हाये. मासोळीले सलाम ठोकन, मासोळी आपसूक जाळ्यात येईन."

भैयाजी मुद्दाम आला होता. "या बाईच्या मायनं देशासाठी सोनं देलं, मुखरू," तो म्हणाला. "जरा विचार कर."

"देलं असंन." मुखरू शांतपणे म्हणाला. "देश तिचा हाये, मी कुठी नाई म्हणतो? तुमी हार घातला, चांगलं केलं. पन तळं देशाचं नाई, भैयाजी. तळं आमच्या घरांचं हाये." मग तो वळला. "शकुबाई, वाटा तू खाल्ला. तू सांग. ही रामाजीची हाये का?"

सगळे शकुबाईकडे बघू लागले. प्रेमिलाही बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. शकुबाई बोलणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

शकुबाईला खांद्यावरून उडालेलं ते पाणी दिसलं. सुकत घातलेली मासोळीही दिसली, आणि पावसात गळणारं आपलं घर.

"रामाजीले मी वळखत होती," ती म्हणाली. "हिले मी कशी वळखू? हे जलमली तवा मी काय रंगूनले होती?"

कुणीतरी हसलं. मुखरूने मान हलवली. प्रेमिलाने खांद्यावरचं जाळं काढलं, नीट घडी करून ज्याचं होतं त्याच्या हातात दिलं, आणि पाळ उतरून गावाकडे गेली. त्या संध्याकाळी शकुबाई मासोळीचं टोपलं घेऊन घरी आली तेव्हा टिनाची पेटी नव्हती. खुंटीवरचा वाळलेला हार तेवढा तिथेच होता.

प्रेमिला सिंदेवाहीला गेली होती. तिथल्या भाताच्या सरकारी फार्मावर रोवणीला बाया लागत. लुंगी सोडून तिने लुगडं घेतलं होतं.

पावसाळ्यात शकुबाई सुकी मासोळी फडक्यात बांधून तिच्याकडे गेली. प्रेमिलाने तिला बसवलं, पाणी दिलं, भात वाढला. फडकं सोडलं नाही.

"घे व," शकुबाई म्हणाली. "तुयंच हाये थे."

"मायं असतं तं पाळीवर भेटलं असतं, बाई."

"मी चुकली."

"कला म्हणत तवा राग ये," प्रेमिला म्हणाली. "तुयावर रागही येत नाई. काऊन येत नाई, समजत नाई." आणि ती चुलीकडे वळली. जाताना शकुबाईला फडकं परत न्यावं लागलं.

पुढच्या वैशाखात शकुबाई मुखरूने विचारायची वाट न पाहता पाळीवर उभी राहिली. ती रामाजीचीच पोरगी आहे, तिने ओंजळ मागे टाकलेली मी डोळ्यांनी पाहिली, मी खोटं बोलले, असं तिने सगळ्यांदेखत सांगितलं. मुखरूने सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते. रामाजी त्याचा जोडीदार होता.

"मागल्या साली सांगतीस तं बरं होतं, बाई," तो म्हणाला. "आता मी बदलवलं तं उद्या कोनीबी येईन आन कोनीबी बदलवीन."

ढीग लागले. रामाजीच्या घराचाही लागला, गेलेल्या घराचा म्हणूनच. शकुबाईने त्याला हात लावला नाही. तेव्हापासून तो वाटा दुसऱ्या एका विधवेकडे, सोमारीकडे जातो, आणि शकुबाई पावसाळ्यात आंबाडीची भाजी खाते.

याला आता चार वर्षं झाली. पंधरा ऑगस्टला भैयाजी अजून प्रेमिलाला बोलावणं पाठवतो. ती पहिल्या गाडीने येते, झेंड्यापुढे टाचा जुळवून उभी राहते आणि पोरांना मिळतात तशा गोळ्या तिलाही मिळतात. त्या ती शकुबाईच्या ओट्यावर ठेवते, आत येत नाही. स्टेशनला जायला पाळीवरून जवळचा रस्ता आहे, पण ती शेतांतून लांबून जाते.

प्रेमिला सिंदेवाहीला फार्मामागच्या वस्तीत एकटी राहते. रोवणीच्या दिवसांत ती भाताच्या बांधीच्या चिखलात सगळ्यांच्या आधी उतरते, आणि उतरताना पाणी खांद्यावरून टाकत नाही, कपाळाला लावते.