दोरीमामांची वाकडी रांग

दोरीमामा गवंडी आहेत आणि सरळपणाचं त्यांना वेड आहे. खिशात सुतळीचं रीळ नसलं तर त्यांना अंगावर सदरा नसल्यासारखं वाटतं. कुणाकडे जेवायला गेले, तर आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात आणि मगच पानावर बसतात. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ते नवरीकडे न बघता मागच्या खांबाकडे बघताहेत. खांब कलला होता, असं ते आजही सांगतात आणि मामी आजही ऐकून घेतात.

असा हा माणूस गेल्या वर्षी डोंगराच्या तावडीत सापडला. मामांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्कांच्या, घरामागचा सगळा उतार वणव्यात जळाला. घर वाचलं, पण वर गवताची काडी उरली नाही. जळक्या मातीत पाणी मुरत नाही. मेणकापडावरून घसरावं तसं ते घसरतं आणि जाताना माती सोबत नेतं. ती माती उतरणार थेट आक्कांच्या स्वयंपाकघरात. शहरातून आक्कांच्या मुलाने फोनवर बजावलं, "चिखल एकदा जरी उंबऱ्याच्या आत आला, तर आईला मी इकडे आणणार. सातव्या मजल्यावर."

आक्कांचं तोंडच उतरलं. "सातव्या मजल्यावर मी भांडू कुणाशी?"

"मी आहे ना," मामा म्हणाले.

वनरक्षक बाई येऊन समजावून गेल्या. जळके ओंडके उताराला आडवे टाका, थोडे जमिनीत रुतवा. पण रांग डोंगराच्या वळणाने, एका पातळीत न्या. मामांनी मान डोलावली आणि दोरी काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखी रांग लागली. लोक कौतुकाने बघायला आले. मामांनी दोन दिवस मिशांना तेल लावलं.

मग एक लहानशी सर आली. डोंगर मधेच फुगलेला, मधेच खोलगट. सरळ रांगेचं एक टोक खाली उतरलेलं. पाणी रांगेच्या कडेने त्या टोकाला गेलं आणि तिथून चिखल घेऊन आक्कांच्या मागच्या दारी आलं. उंबऱ्याला बोटभर कमी, तिथे थांबलं.

"छान बांधलंस हो," आक्का म्हणाल्या. "चिखल कसा शिस्तीत, रांगेने आला."

"आक्का, मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच तर धाकधूक वाटते रे."

मामा खाली मान घालून घरी गेले आणि फरशीची पातळी बघायची पारदर्शक नळी घेऊन आले. नळीत पाणी भरलं, एक टोक मामींच्या हातात दिलं. दोन्हीकडे पाणी सारखं उभं राहील तिथे खुंटी. खुंट्या निघाल्या त्या फुगवट्याला वळसा घालून, खळग्यात शिरून, बाहेर येऊन. मामांना बघवेना.

"लोक काय म्हणतील गं?"

"म्हणतील गवंडी म्हातारा झाला. खोटं आहे का? धरा नीट, पाणी हलतंय."

त्या वेड्यावाकड्या खुंट्यांवर ओंडके पुन्हा बसले. फटी मातीने बुजवल्या, वर पेंढा पसरला.

पुढचा पाऊस दोन दिवस कोसळला. तो उघडताच भाचा आक्कांच्या सामानासाठी रिकामी गाडी घेऊनच आला. मागच्या दारी गेला, तर उंबरा कोरडा. वर प्रत्येक ओंडक्याआड गाळ मुकाट बसला होता आणि खाली येत होतं ते नितळ पाणी. भाच्याने ओंडक्यांकडे बोट केलं.

"मामा, पण ही रांग इतकी वाकडी कशी?"

मामांचे कान लाल झाले. आक्का दारातूनच ओरडल्या, "डोंगर वाकडा आहे, त्याला विचार! आणि आलाच आहेस तर जेवून जा."

भाचा जेवला, आडवा झाला आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी आक्का पदर खोचून उतारावर उभ्या. वनरक्षक बाईंनी दिलेलं गवताचं बी त्या साचलेल्या गाळात मुठीमुठीने टाकत होत्या आणि मामांना सांगत होत्या, "अरे, तिकडे राहिलं. तिकडे रे! आता मी इथेच आहे, रोज येऊन बघणार आहे."

मामा बी टाकायला निघाले, आणि वाटेत गुणगुणायलाही लागले.