जिचं तिच्याच हातात

तात्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने चार घड्याळं असत, आणि चारही बायकांची. नव्वदनंतरच्या वर्षांत बारामतीच्या एसटी स्टँडसमोरून तुमचं जाणं-येणं असेल, तर तुम्हीही हसला असाल. मीही हसलो होतो.

"हसा मास्तर," तात्या म्हणायचे. "टेबलावर निजून कुठलंबी घड्याळ चालतंय. हातावर चाललं तर खरं."

म्हणून दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ ते तीन दिवस स्वतः घालून हिंडत. पट्टा पुरत नसे, तिथे सुतळी. पुरुषांची घड्याळं घेतच नसत. "गड्याचं मशीन बैलगाडीएवढं. त्यात कसलं आलंय कसब?" नखाएवढी तबकडी समोर आली की मात्र स्वारी खूश.

त्या वर्षांत सेलची घड्याळं आली आणि बायकांनी आपली लग्नातली चावीची घड्याळं कपाटात टाकली. स्वस्तातलीच ती, मुलामा उडालेली. तात्या ती मागून घेत, चालू करीत आणि बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवत. प्रत्येकाखाली चिठ्ठी, तिच्यावर बाईचं नाव आणि माहेरचं गाव. "घड्याळ बापानं दिलेलं. मग गाव सासरचं कशाला लिवायचं?" कळंबच्या एका म्हातारीचं होतं. तिला वेळ वाचता येत नव्हती, तरी हळदीकुंकवाला ते घालून जायची म्हणे. रोज सकाळी सगळ्या डब्याला चावी देण्यात तात्यांचा तास जाई. कुणी विकत मागितलं तर म्हणत, "लेकी इकत्यात व्हय कुणी?"

आणखी एक खोड. दुरुस्तीचं घड्याळ जिचं तिच्याच हातात द्यायचं. नवरा आला, भाऊ आला, आल्या पावली परत. बाई आली की स्वतः पट्टा बांधत, तिला स्टँडला एक फेरी मारून यायला लावत आणि मग घड्याळ कानाला लावत. "परत्येकीचा हात येगळा असतुया."

माझ्या बायकोने तिचं घड्याळ त्यांच्याकडे टाकलं आणि आठवड्याभरात ती तापाने गेली.

महिन्याने मी ते आणायला गेलो. "वहिनींना धाडा की," तात्या म्हणाले. ती गेली, एवढंच सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "माहेरी गेलीय. इंदापूरला."

का, ते विचारू नका. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. शाळेत जात होतो, फळ्यावर लिहीत होतो, जेवत होतो. पण ती येईपर्यंत म्हणून तात्यांच्या हातावर तिचं घड्याळ चालत होतं. ती अजून यायची आहे असं समजणारा जगात एक तरी माणूस होता, आणि तो मला घालवायचा नव्हता.

वर्षभर हेच. "आल्या का?" "नाही अजून." "माहेर ग्वाड लागलं म्हणायचं," असं हसत ते हातावरच्या तिच्या घड्याळाला चावी द्यायचे.

मग तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुकान मोडून सोलापूरला लेकीकडे जायचं ठरलं, तसे ते डब्यातली घड्याळं ज्यांची त्यांना गावोगाव पोचवू लागले. एक दिवस तिचं घड्याळ द्यायला, मला न विचारता, इंदापूरला गेले. माझ्या सासूबाईंनी त्यांना दारातच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दुकानी गेलो. "काल इंदापूरला गेलतो, मास्तर," तात्या म्हणाले. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी हातावरचं तिचं घड्याळ सोडलं, माझा हात ओढला आणि पट्टा पुरेना म्हणून सुतळीने बांधलं.

"जावा. फेरी मारून या."

भर दुपारी बायकांचं घड्याळ बांधून मी स्टँडला फेरी मारली. एक कंडक्टर हसला. परत आलो तेव्हा तात्यांनी माझं मनगट बराच वेळ कानाला धरून ठेवलं. "चालतंय. तीन दिसांनी या. मागंफुडं हुतंय का बघू."

मी गेलो नाही. काही अडचण नव्हती. नुसता घरात बसून राहिलो. आठव्या दिवशी गेलो तर दुकानाला फळ्या लावलेल्या.

"तात्या परवा गेलं की सोलापूरला," शेजारचा पानवाला म्हणाला. "आधीच जायाचं हुतं, पर मास्तर येणार हायती म्हणून थांबलं हुतं."

घड्याळ अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी चावी देतो, काटे पुढे करतो. दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. दिवसाला दोन मिनिटं मागं पडतंय, तात्या. एवढंच सांगायचं होतं.