पॉइंटांवरची पृथ्वीप्रदक्षिणा

माझ्या विमानाच्या पॉइंटांची मुदत संपत आली आहे, हे मला बायकोकडून कळलं. चाकणच्या ज्या कंपनीत मी काम करतो, तिथं गाड्या रंगवण्याच्या मोठ्या यंत्रणा तयार होतात. त्या परदेशातल्या कारखान्यांत उभ्या करायच्या, चालू करून द्यायच्या आणि परत यायचं, हे माझं काम. तिकीट कंपनी काढते, पण पॉइंट बसणाऱ्याच्या नावावर जमा होतात आणि त्यांवर पुढं फुकट तिकीट मिळतं. इतक्या वर्षांत त्या खात्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. घरी आलो की पुन्हा विमानाचं नाव काढायची माझी इच्छा नसे.

बायको ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिला नियम वाचायला आवडतात. मिक्सर आणला तरी त्याच्याबरोबरची पुस्तिका वाचून झाल्याशिवाय ती चटणी वाटत नाही. एका रविवारी सकाळी तिनं माझं खातं उघडलं, बराच वेळ वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, एवढ्या पॉइंटांत तिघांना जगाला फेरी मारता येईल."

"कुठल्या जगाला?"

"आहे तेवढ्याच."

तिघं म्हणजे आम्ही दोघं आणि माझी आई. आम्ही ताथवड्याच्याच जुन्या गावचे. जिथं आमची ज्वारी असायची तिथं आता बारा मजले उभे आहेत आणि त्यातल्याच एका मजल्यावर आम्ही राहतो. सोसायटीच्या बागेला आई अजून वावर म्हणते. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी, तोही रेल्वेनं आणि सोबत भाकरीचं गाठोडं घेऊन. त्यामुळे ती नको म्हणेल, अशी माझी खात्री होती.

बायको मोठ्यानं नियम वाचत होती. एकाच दिशेनं पुढं पुढं जायचं, मागं वळायचं नाही. दोन्ही मोठे महासागर एकेकदाच ओलांडायचे आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. आई समोर मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"म्हंजे प्रदक्षिणाच की!"

"तसंच म्हणा, आई," बायको म्हणाली.

"मग मी येनार. पर उजवी घालूनच जायाचं. डाव्या अंगानं प्रदक्षिणा घालत न्हाईत."

मी हसलो. बायको हसली नाही. ती आत गेली आणि नारळ घेऊन आली.

नारळ टेबलावर उभा झाला. शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव. शेंगदाणा म्हणजे विमान. मुंबईच्या जागी आईनं कुंकवाचं बोट टेकवलं. बायकोनं शेंगदाणा आधी पूर्वेकडे फिरवला, मग पश्चिमेकडे फिरवला आणि जाहीर केलं की पश्चिमेला निघालं तरच शेंडी, म्हणजे पृथ्वीचा माथा, आपल्या उजव्या हाताला राहते.

"मग पश्चिमेला," आई म्हणाली.

अडचण अशी की पूर्वेकडच्या विमानांत पॉइंटांवर जागाच जागा होत्या आणि पश्चिमेकडच्या विमानांत नव्हत्या. शिवाय मेलबर्नचं क्रिकेटचं मैदान पाहायचं मी कॉलेजपासून मनात धरलं होतं. ते मी हळूच पुढं सरकवलं. बायकोनं शेंगदाणा नारळाच्या खालच्या बाजूला नेला आणि तिच्या प्रामाणिकपणानं माझा घात केला.

"पण आई, इथं पायाखालची बाजू सुरू होते. इथून जवळचा ध्रुव खालचा, आणि पश्चिमेला जाताना तो डावीकडे येतो."

"मंग तिकडं जायाचंच न्हाई," आई म्हणाली, आणि ऑस्ट्रेलिया खंड आमच्या प्रवासातून गेला. त्या शेंगदाण्याबरोबर माझं मैदानही गेलं, कारण तो तिनं लगेच खाऊन टाकला.

बातमी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या चुलत्यापर्यंत पोचली. तो चप्पल घालायचीही तसदी न घेता वर आला.

"वहिनी, येवढं पळायाचं कशाला? गणपतीनं आईबापाभवती फेरी मारली, त्यात पृथ्वी आली. मांडा दोन पाट."

"त्याच्याकडं पॉइंट नव्हतं," आई म्हणाली. चुलता खुर्ची ओढून बसला. तो चहा पिऊन गेला.

पुढचे कितीतरी दिवस मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर पश्चिमेकडची विमानं शोधत होतो. चाकणच्या अलीकडे वाहतुकीत बस थांबली की चांगली थांबते, त्यामुळे वेळ भरपूर मिळे. शेजारी क्वालिटी विभागातला माझा मित्र बसायचा. मी काय करतोय हे त्याला एकदा कळलं, आणि मग सगळ्या बसला कळलं.

"काय राव, अटलांटिक उघडला का?" तो चढतानाच विचारायचा.

"उघडलाय. पण दोघांनाच जागा आहे."

"मग वहिनींना आणि आईंना पाठव. तू पलीकडं पोहत ये."

मागच्या सीटवरून कुणीतरी सांगे की आइसलँडवरून बघा. कुणी म्हणे, पोर्तुगाल रिकामं असतं. यातला एकही जण गोव्याच्या पुढं गेलेला नव्हता, पण माझ्या मार्गाबद्दल प्रत्येकाचं ठाम मत होतं. ओव्हरटाइमच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा हाच विषय. साहेबानं एकदा मला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "टोकियो शेवटी ठेव. तिथून मुंबईला थेट विमान मिळेल."

शेवटी बायको म्हणाली, "हे मोबाइलवर होणार नाही, फोनच करायला हवा." शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही विमान कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. संगीत वाजायला लागलं. वाजतच राहिलं. आईनं तोवर वाटाणे सोलायला घेतले आणि ती चाल गुणगुणायला लागली. मग एका मुलीचा आवाज आला. कडक इस्त्रीचं इंग्रजी. तिनं नमस्कार केला, हा संवाद ध्वनिमुद्रित होतोय म्हणून बजावलं आणि विचारलं की प्रवास कुठल्या दिशेनं करणार.

बायकोनं प्रश्न आईला मराठीत सांगितला, आणि मी तोंड उघडायच्या आत आई फोनवर वाकली.

"उजवीकडनं सांग, बाई! पृथ्वीला उजवी घालून जायाचं हाय आमाला!"

पलीकडचा की-बोर्ड थांबला. मला वाटलं, फोन गेला. मग अगदी बारीक आवाजात, जणू कुणी टेबलाखाली वाकून बोलतंय असं, ऐकू आलं, "बरोबर सांगायल्यात आज्जी. डावीकडून न्हाई जात." आणि लगेच मोठ्या आवाजात इंग्रजीत, "पश्चिमेकडे, नोंद घेतली, सर."

त्यानंतरचा सगळा फोन असाच झाला. इंग्रजीत ती तारखा विचारायची आणि टेबलाखालून मराठीत धीर द्यायची. इस्तंबूल मिळालं. रोम मिळालं. रोमहून न्यूयॉर्कला तिघांना जागा काही केल्या मिळेना.

"रोमहून लिस्बन आणि लिस्बनहून न्यूयॉर्क चालेल का, सर?" इंग्रजीत प्रश्न आला.

"ते उजव्या वाटंवरच येतंय का?" आईनं विचारलं. बायकोनं नारळावर अंगठा ठेवून मान हलवली.

"येतंय. बुक करा," मी म्हणालो. बसमधलं पोर्तुगाल अखेर कामाला आलं होतं, पण ते सोमवारी कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस, तिथून टोकियो आणि टोकियोहून मुंबई. की-बोर्डचा कडकडाट झाला, पुन्हा संगीत, आणि मग ती मुलगी म्हणाली की तिकिटं निघाली. आईनं तिला फोनवरूनच वाटाण्याच्या उसळीचं आमंत्रण दिलं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "ती इंग्रजी बाई जरा कडकच हाय. पर तिच्या शेजारी बसलेली मराठी पोरगी लई गुणाची." दोघी एकच आहेत हे मी तिला बऱ्याचदा समजावलं. तिनं मान्य केलं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीला मी आईला खूप पढवलं होतं. मुंबईत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं दुभाष्यामार्फत तिला विचारलं, अमेरिकेला कशाला जाताय? मी डोळे मिटले.

"मला न्हाई जायाचं अमेरिकेला," आई म्हणाली. "ती वाटंत लागतीया."

दुभाष्या घुटमळला. त्यानं ते भाषांतर केलं असावं, कारण अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि तो खुर्चीत मागं रेलून हसला. आईचा व्हिसा झाला. मला मात्र त्यानं नोकरीबद्दल खोदून खोदून विचारलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात बायको तिकिटं वाचत होती आणि अचानक थांबली. लॉस एंजेलिसहून आम्ही सोमवारी रात्री निघणार होतो आणि टोकियोला बुधवारी पहाटे उतरणार होतो. मधे कुठंतरी समुद्रावर तारखेची रेषा होती आणि तिथं मंगळवार गळून पडत होता. मंगळवारी आईचा उपास असतो. तिच्या लग्नाच्या आधीपासूनचा, आजारपणातही न मोडलेला.

"आईंना सांगायचं का?" बायकोनं विचारलं.

"नको. पूर्वेला वार गळत नाही, म्हणून दिशा बदला म्हणेल."

आम्ही सांगितलं नाही. इस्तंबूलला आईनं कबुतरांना दाणे टाकले. लिस्बनमध्ये तिला चढाच्या गल्ल्या लोणावळ्यासारख्या वाटल्या. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारती बघून तिनं एवढंच विचारलं की इथं आधी काय पिकायचं.

मग ते विमान आलं. उड्डाणानंतर काही तासांनी हवाईसुंदरी जेवणाचे ट्रे घेऊन आली. आईनं हात आखडला आणि मला विचारलं, "आत्ता कंचा वार?"

मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. विमानाचं चित्र निळ्या पाण्यावर चाललं होतं. खोटं सुचेना.

"आई, सोमवार मागं राहिला आणि पुढं बुधवार आहे."

"आन् मंगळवार?"

"ह्या वाटेला मंगळवार येतच नाही."

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. खाली काहीच दिसत नव्हतं. बायको पलीकडे पुस्तकात तोंड खुपसून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. आईनं ट्रे पुढं ओढून घेतला आणि त्यावरचा चंदेरी कागद नीट सोडवला. भात संपवला, भाजी संपवली, गोड चाटून-पुसून खाल्लं.

"तुझा पाव तू खानार हायस का?" तिनं विचारलं.

मी तो तिला दिला.