मुख्यालय सोडण्याबाबत

मला हिवतापातून उठवलं, राहायला मागची खोली दिली आणि नववीत शाळा सोडलेल्या माझ्या हाताला अर्ज लिहायचं वळण लावलं, ते आमच्या घरमालकांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे आणि ती करताना माझा जीव वरखाली होणार आहे. जंगल खात्यातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेले आमचे बाबूजी वाघाला भीत नाहीत, साहेबाला भीत नाहीत. पण सुट्टीला त्यांच्याइतका भिणारा माणूस बालाघाट जिल्ह्यात नाही, आणि बहुधा त्याच्या बाहेरही नसावा.

सरकारी नोकराला मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. बाबूजींनी ही सवय बैहरच्या कचेरीत लावून घेतली आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सोडली नाही. साहेब उरला नाही, म्हणून आता अर्ज त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, नावे जातो. कचेरीत सारा जन्म हिंदीत गेला. घरचा कारभार मात्र मराठीत. 'महोदया, हट्टा येथे जाऊन सायंकाळी परत येण्याची परवानगी मिळावी.' काकू पिठाच्या हातानं 'मंजूर' लिहितात आणि पोळी उलटतात. एकदा तिरोडीला लग्नाला जायचं होतं त्या दिवशी काही बिनसलं होतं, तर त्यांनी रागात 'नामंजूर' लिहिलं. बाबूजी नवा सदरा घालून दिवसभर ओसरीवर बसून राहिले. दुपारी काकूच विरघळल्या. "अवो, गंमत केली मी. जा ना आता!" तर म्हणाले, "लेखी आदेश हाय. तोंडी कसा बदलते?"

अशा माणसाला मुलीनं अमेरिकेतून फोन केला, की हिवाळ्यात सात दिवस आपण सगळे मेक्सिकोत, पुएर्तो वायार्ता नावाच्या समुद्राकाठच्या गावात भेटायचं, तिकिटं काढली आहेत. काकूंनी त्याच संध्याकाळी पेटीतून लुगडी काढून बॅगेत घातली आणि बॅग दाराशी आणून ठेवली. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा बाबूजी म्हणाले होते, पुढच्या सुट्टीत दाखवतो. मग कधी वणवा आला, कधी वाघांची गणना, कधी साहेबांचा दौरा. मंजूर झालेली सुट्टी दर वेळी रद्द झाली. यावेळी तरी होऊ नये, एवढंच काकूंना हवं होतं, आणि म्हणून मलाही.

बाबूजींनी नवी नस्ती उघडली आणि सुट्टीचा 'दौरा कार्यक्रम' आखायला घेतला. तहसिलीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे, तिथे तो मी किती वेळा टाइप केला याचा हिशेब नाही. 'सकाळी सहा ते सात : समुद्राचे निरीक्षण. सात ते साडेसात : निरीक्षणाची नोंद.' हॉटेलचा फोटो मुलीनं पाठवला, तर भिंग लावून नारळाची झाडं मोजली. "बावन्न. झाडाईपेक्षा खुर्च्या जास्त. अतिक्रमण दिसते." मग मला विचारलं, "अंधार पडल्यावर किनाऱ्यावर फिराची परवानगी कोन देते?" मी म्हटलं, कुणीच देत नाही, माणसं नुसती फिरतात. ते ऐकून त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मी कोकणातला, रेल्वेच्या ठेकेदाराबरोबर रूळ टाकायला इकडे आलो आणि राहिलो. त्यामुळे समुद्रविषयक सल्लागार मीच. एका रविवारी तालमीसाठी आम्ही वैनगंगेवर गेलो. बाबूजी पायजमा दुमडून गुडघाभर पाण्यात सावधान उभे राहिले आणि हुकूम सोडला, "लाट आन." मी दोन्ही हातांनी पाणी ढकललं. "याले लाट म्हनते का बे? जोरानं!" काठावर काकू हसून हसून खाली बसल्या. "त्याले काहून राबवून राह्यले? समुद्र का तुमचा चपराशी हाय?"

मला मात्र हसू येत नव्हतं. व्हिसाचा फॉर्म मी भरला होता. माझ्यासारख्यानं भरलेला कागद परदेशात चालेल का, या धास्तीनं मी तो रोज उघडून पाहायचो. दोघं दिल्लीला जाऊन आले, व्हिसा हातात आला, तेव्हा कुठे मी पोटभर जेवलो.

आणि निघायला चार दिवस असताना बाबूजींनी सांगितलं, "दौरा रद्द." कार्यक्रमात एक रकाना कोराच होता : दौऱ्याचे प्रयोजन. "काय लिहू? मजा? मजा हे प्रयोजन होते का? बिना कामाचा मी आजवर कुठी गेलो नाही."

"तुमचं प्रयोजन गेलं चुलीत," काकू म्हणाल्या. दाराशी ठेवलेल्या बॅगेवरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. ते मला पाहवेना. मी टेबलाशी जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, एक मसुदा केला. 'विषय : समुद्रदर्शन. चाळीस वर्षांपासून प्रलंबित असलेले प्रकरण निकाली काढण्याच्या कामी आपण निम्नस्वाक्षरीकर्तीसोबत मेक्सिको येथे उपस्थित राहावे. हयगय झाल्यास जबाबदारी आपली राहील.' काकूंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही ठोकली.

बाबूजींनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. खिशातलं लाल पेन काढलं. त्यांनी 'चाळीस' खोडलं आणि वर लिहिलं : 'एक्केचाळीस'.

"नोंद बरोबर पाह्यजे," ते हळूच म्हणाले. काकूंनी तोंड फिरवलं. मग बाबूजी म्हणाले, "नागपूरची जीप किती वाजता हाय?"

ते दोघं मेक्सिकोला गेले त्याला आज पाच दिवस झाले. मी घरात या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरतो. तिकडचं जेवण मानवतं का, औषधं घेतली का, एकेक विचारत फोन बघतो. सकाळी मुलीनं फोटो पाठवला. काकू कमरेपर्यंत पाण्यात शिरल्या आहेत, पाठमोऱ्या. मागे बाबूजी, ओला सदरा, हातात दोघांच्या चपला. ते समुद्राकडे बघत नाहीत, काकूंकडे बघताहेत.

पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत अकरा वर्षांत मी घरी गेलेलो नाही, आईला फोनही केलेला नाही. बाबूजी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कागदावर फिटण्यासारखं नाही. पण एक दिवस तुम्हा दोघांना आमच्या गावच्या किनाऱ्यावर नेईन, आईच्या हातचं जेवू घालीन. त्यासाठी आधी मला आईला फोन करावा लागेल. करतो. या आठवड्यातच करतो.