रांजणाखालची कविता

माझी पहिली कविता जमिनीखालून प्रसिद्ध झाली.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझं लग्न झालं आणि मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून इनामगावात आले. नवरा दौंडलाच नोकरीला, रविवारी घरी यायचा. बाकीचे सहा दिवस मी, आबा (म्हणजे माझे सासरे) आणि आत्याबाई (म्हणजे सासूबाई). मी मॅट्रिक पास होते. मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म मागवला होता, त्यावर घरच्या कर्त्या माणसाची सही हवी होती. आबा फॉर्म कोपरीच्या खिशात घालून फिरायचे. विचारलं की म्हणायचे, "बघू."

पंधरा दिवस त्यांनी बघितलं. भांडायची माझी छाती नव्हती, म्हणून मी कविता लिहिली. लाल शाईनं, कारण निळी संपली होती.

आता ती ठेवायची कुठं? ट्रंकेची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला, आणि कागद दिसला की त्या चूल पेटवायच्या. (माझ्या दोन कविता अशाच भाकरीखाली गेल्या.) शेवटी कागद चिंधीत गुंडाळला, एका गाडग्यात घातला, वाळवी लागू नये म्हणून त्याच्या तोंडाला दुसऱ्या गाडग्याचं तोंड लावलं आणि चुलीमागं रांजणाजवळच्या मऊ मातीत पुरून टाकलं.

तेव्हा गावात पुण्याचे लोक जुनी वस्ती उकरत होते आणि आबा तिथं कामाला जायचे. दोनच दिवसांनी जेवताना त्यांनी सांगितलं, की आज दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्ह्या बाळाची हाडं. हजारो वर्षांपूर्वीचे लोक आपली मेलेली पोरं घरातच, जमिनीखाली पुरायचे म्हणे. आत्याबाईंचा घास हातातच राहिला. आबा म्हणाले, भ्यायचं काय त्यात? बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या दिवशी आपल्या घरातनं देवही गेले आणि भुतंही गेली.

त्यानंतर मला त्या कोपऱ्यासमोर बसून भाकरी थापवेना.

आणखी तीन दिवसांनी रांजण एका बाजूला कलला. खोदकामाला बाजारची सुट्टी होती. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, आबा रांजण हलवून जमीन सारखी करायला बसले. कुदळीखाली पोकळ आवाज झाला. त्यांनी हातानं माती बाजूला केली. तोंडाला तोंड लावलेली दोन गाडगी. त्यांनी एक बोट लावलं, तर आत काहीतरी सरकलं.

आबा उठून उंबऱ्यापाशी गेले. भूत नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण ते तिथूनच सांगत होते.

खरं सांगते, ते माझंच गाडगं आहे हे ठाऊक असून मीही उंबऱ्याकडं सरकले. कारण जागा दोन वीत चुकल्यासारखी वाटत होती. त्या गावात जमिनीखाली कुणाचं काय असेल, कोण सांगणार? आणि लाज वाटते, पण मी मनात म्हटलं, बाळच निघू दे. कविता नको.

आबांनी खोदकामावरच्या साहेबांना बोलावून आणलं. पोरसवदा, चष्मेवाले साहेब. त्यांनी ब्रशनं माती झाडली, फूटपट्टी लावली, वरचं गाडगं अलगद उचललं. आत चिंधीची गुंडाळी, तान्ह्या पोराला बांधावी तशी. ती सोडली. लाल अक्षरांचा कागद. साहेबांनी तो चष्म्याजवळ नेला, मग म्हणाले, "हे फार प्राचीन नाही."

"वाचा," आबा उंबऱ्यावरून म्हणाले.

साहेबांनी वाचलं, एकसुरात:

"जितीजागती पुरली मला
चुलीमागे, भिंतीखाली.
हाक मारते, कुणी ऐकेना,
डोळ्यांत माती, तोंडात आली.
बघू बघू म्हणणाऱ्यांनो,
तुमची वेळ जवळ आली."

आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून "कुणाचं गं लेकरू तू?" असं त्या गाडग्याला विचारू लागल्या. आबांच्या कपाळावर घाम होता. मलासुद्धा दिवसाउजेडी ऐकताना ती कविता माझी वाटतच नव्हती, कुणीतरी माझ्याकडून लिहून घेतल्यासारखी वाटत होती.

साहेबांनी कागद उलटला. "मागं अजून दोन ओळी आहेत."

"फॉर्म भरायची शेवटची
तारीख सोमवारवर आली."

आत्याबाईंनी डोळे पुसले, चिंधी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही माज्या लुगड्याची हाय."

मी जमिनीकडं बघत उभी राहिले. आबा आत आले, गाडग्यापाशी उकिडवे बसले. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, घामानं मऊ झालेला, आणि साहेबांकडं पेन मागितलं. सही करताना एकेक अक्षर कोरून काढत होते.

"जाऊ द्या हिला ट्रेनिंगला," ते साहेबांना म्हणाले. "घरात ठिवली तर आजून काय काय पुरंल, न्हाई सांगता यायचं."

मी मास्तरीण झाले. पुढं पुष्कळ कविता लिहिल्या, एकाहून एक रागीट, आणि चांगल्या मासिकांना पाठवल्या. सगळ्या साभार परत आल्या. एका संपादकांनी तर आपुलकीनं कळवलं, की आपल्या लेखनात अजून खोली नाही.