चेलोसाठी गादी

औशाच्या शाळेत शिकताना मी व्हायोलिन एकदाच पाहिलं, तेही सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या बुवांच्या हाती. त्यामुळे तारांची वाद्यं जमिनीवर बसूनच वाजवायची, हे डोक्यात पक्कं होतं. पुढे घरातली पहिली पदवीधर झाले, नांदेडच्या महाविद्यालयात शिकवायला लागले आणि प्राचार्य सरांनी विश्वासानं पहिला कार्यक्रम माझ्यावर सोपवला.

"पाहुण्या बाई चेलो वाजवतात. त्यात आणि व्हायोलिनमध्ये फरक काय, ते पोरांना तुम्ही सांगा," सर म्हणाले.

मी वाचून पाठ केलं : व्हायोलिन लहान, आवाज उंच, चेलो मोठा, आवाज खोल. मंचावर गादी, पांढरी चादर, लोड. सगळं रीतसर.

पाहुण्या बाई चपला काढून गादीवर आल्या आणि म्हणाल्या, "खुर्ची मिळेल का?"

"कंबर दुखते का? अजून एक लोड देऊ?"

"कंबर ठणठणीत आहे हो. याला पाय आहे." त्यांनी वाद्याच्या बुडातून लोखंडी टोकदार दांडी ओढली. ती गादीत रुतली. गादी काढली, तर दांडी फरशीवर घसरली. सरांची खुर्ची आणली, तर खुर्चीच्या हातांना बाईंचं कोपर अडलं. शेवटी प्रयोगशाळेतलं स्टूल आणलं आणि दांडीखाली पायपुसणं टाकलं. सर घामाघूम झाले होते. माझं तर पाठांतरच विस्कटलं. तरी लहान-मोठा, उंच-खोल एवढा फरक सांगितला.

बाईंनी तारांवर गज फिरवत वाजवायला घेतलं. बोटं तारेवरून खाली, पार गजाजवळ सरकलेली. आवाज बारीक, उंच, रडवेला.

पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर व्हायोलिनच हाय की!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी चुकली असं मला म्हणता येईना. वाजवणं थांबल्यावर मी माईक घेऊन फरक बाईंनाच विचारला.

"दोघांना तारा चारच," त्या म्हणाल्या. "माझ्या वरच्या तीन म्हणजे व्हायोलिनच्या खालच्या तीन, फक्त एक सप्तक खाली. चौथी तार त्याची आणखी उंच, माझी आणखी खोल. मधे दोघांचे सूर एकमेकांत येतात."

"म्हणजे डोळे मिटून ऐकलं तर?"

"कधीकधी मीही फसते."

मी सरांकडे पाहिलं. ते खाली, मुलांमध्ये जाऊन बसले होते.

"थांबू नका, विचारा," ते म्हणाले. "मलाबी अजून कळलं न्हाई."