कुठले तुम्ही?

सिल्वासात येऊन मला वीस वर्षं होऊन गेली. आमलीत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, मुलीची शाळा इथेच झाली, तरी कुणी ‘कुठले तुम्ही?’ विचारलं की मी ‘नाशिकच्या’ असंच सांगते. आपल्याकडे ‘कुठले’ म्हणजे मूळचे कुठले, हे काय कुणी शिकवावं लागतं? आणि तरी मी सहा महिने रुग्णांना तोच प्रश्न विचारत राहिले.

मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. केस पेपर लावायचे, शोधून काढायचे, शिक्का मारून नकला द्यायच्या. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते आणि याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. म्हणूनच आमच्या डॉक्टरसाहेबांनी नवीन फॉर्मचं काम माझ्याकडे दिलं. भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाचा एक कागद भरायचा. आजार काय, राहणार कुठले, आणि शेवटी एक चौकट: ‘ही भरती टाळता आली असती का?’

त्याच्यावर हो किंवा नाही मी कशी ठरवणार, असं मी विचारलं. डॉक्टरसाहेब पुण्याचे, समजावून सांगायची हौस भारी. म्हणाले, “मॅडम, दमा, साखर, बीपी, जुलाब. ही दुखणी घराजवळच्या दवाखान्यात वेळेवर सांभाळली, तर माणूस सहसा आपल्या खाटेपर्यंत येत नाही. दूध उतू गेलं की ओट्यावरून कळतं ना, गॅसपाशी कुणी नव्हतं? तसंच. कोणत्या भागातून अशी माणसं जास्त येतात ते मोजायचं. तिथे आपण संध्याकाळचा दवाखाना सुरू करणार, कंपन्या सुटल्यावर. डॉक्टर, औषधं, सगळं. पण सध्या एकाच ठिकाणी जमणार आहे. ते तुमच्या आकड्यांवर ठरेल.”

माझ्या आकड्यांवर! मी त्या दिवशी नवीन पॅड आणि दोन पेनं घेतली.

ती पहिल्यांदा भेटली ती बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. तिशीची असेल. धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. ऑक्सिजन नुकताच काढला होता आणि ती पाठीमागे उशी घेऊन बसली होती, दोन शब्द बोलून थांबायची. मी फॉर्म काढला.

“कुठले तुम्ही?”

“शिरपूरकडली,” म्हणाली, आणि गावाचं नाव सांगितलं. मी ते सुंदर अक्षरात लिहिलं.

मग ती आपणहून बोलत राहिली. “पंप लागस ना ताई, दम्याना. तो सरी गया. दवाखाना शे जवळ, पण मी आठले जास, आठले सुटस. तंवर तो बंद. दुपारी जाऊ तं खाडा पडस. तीन खाडे झाले का ठेकेदार म्हणस, उद्यापासून येऊ नको.” श्वास घेऊन ती हसली. “संध्याकाळले कोणी बसतं ना, तं मी इथं येतीच नही.”

टाळता आली असती का? यापेक्षा सरळ ‘हो’ मला त्या सहा महिन्यांत मिळाला नाही. मी ठसठशीत टिक केली. तिला म्हटलंही, “होणार आहे हो संध्याकाळचा. त्यासाठीच तर हे लिहितेय.” तिनं कागदाकडे कौतुकानं पाहिलं.

सहा महिन्यांनी मी भागवार बेरजा केल्या. नरोलीच्या बाजूच्या वस्त्यांमधून टाळता येण्याजोग्या भरती अगदीच कमी निघाल्या, राखोलीकडच्या त्याहून कमी. कारखान्यांच्या मधोमध, एकेका खोलीत पाच-पाच माणसं, धूर, धूळ, आणि आकडे मात्र स्वच्छ. डॉक्टरसाहेबांनाही आश्चर्य वाटलं. म्हणाले, “म्हणजे तिथलं काम चांगलं चाललंय म्हणायचं.” संध्याकाळचा दवाखाना दुसऱ्या टोकाला द्यायचं ठरलं, आणि अहवाल वर गेला. खाली तयार करणारी म्हणून माझी सही होती. घरी येऊन मी शिरा केला होता, हे आठवलं की आजही लाज वाटते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती परत वॉर्डात. या वेळी तिला बोलताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅड घेऊन गेले, तर मला पाहून हात वर करून म्हणाली, “परत आली, ताई.”

मी सवयीनं विचारलं, “कुठले?” तिनं तेच गाव सांगितलं. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला, तोही अर्धवट. मी म्हटलं, “अहो, मग इतक्या लांबून दर वेळी इथे कशा येता?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “लांबून कशी? नरोलीहून आणं ना माले, टेम्पोमा. सहा वरीस झाले तठे खोली शे.”

“मग तसं सांगायचं ना!”

“तुम्ही गाव इचारं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या मात्र होती, आणि ती मी तिच्यावर काढली. हे मला अजून खुपतं.

खाली येऊन मी सहा महिन्यांचे फॉर्म जमिनीवर पसरले. शिरपूर, साक्री, शहादा, नवापूर. पान उलटावं तर पुन्हा तेच. सगळी माणसं इथल्या खोल्यांतून आली होती आणि मी त्यांना एकेक करून गावी धाडलं होतं. त्यांच्या इथल्या दवाखान्याच्या नावावर काहीच पडलं नव्हतं. शेकडो किलोमीटरवरच्या, त्यांनी वर्षानुवर्षं न पाहिलेल्या दवाखान्यांच्या नावावर सगळं पडलं होतं. आणि कुठेही खाडाखोड नाही. मला स्वतःच्या त्या वळणदार अक्षराची चीड आली.

मग वॉर्डात परत जाऊन तिच्या ताज्या फॉर्मवरचं गाव मी तिच्यादेखत खोडलं आणि शेजारी नरोली लिहिलं. माझी चूक काय झाली आणि त्यामुळे दवाखाना कुठे गेला, तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “जाऊ द्या, खाल्लं का तुम्ही?”

डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “अहवाल मान्य झालाय, मॅडम. नेमणूकही झाली. मी पत्र लिहितो, पण आता पुढच्या सहा महिन्यांचीच मोजणी धरतील. या वेळी बरोबर भरा.”

बरोबर भरायचं म्हणजे काय, हे मला जिना उतरताना कळलं. त्या वस्तीतली माणसं पुन्हा भरती व्हायला हवीत. तिचा पंप पुन्हा संपायला हवा, तिनं पुन्हा टेम्पोत आडवं होऊन यायला हवं, म्हणजे मी नरोली लिहिणार. मी प्रश्न बदलला, ‘राहायला कुठे?’ असं विचारू लागले, आणि आकडा वाढू लागला. वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, “बेन, आज तुमच्या नरोलीचे दोन आहेत.” मला बरं वाटायचं. एकदा तर मी खिडकीजवळच्या खाटेकडे पाहिलं, तिथे दुसरीच कुणी होती, आणि माझी निराशा झाली. असं वाटणाऱ्या बाईला काय म्हणावं?

मुदत संपायला दोन महिने राहिले होते तेव्हा ती आली. वॉर्डात नव्हे, माझ्या खिडकीशी. हातात बोचकं, मागे नवरा पत्र्याची पेटी घेऊन उभा. तिला जुन्या कागदांच्या नकला हव्या होत्या.

“ठेकेदारनी काढी टाकं,” ती म्हणाली. “दवाखान्याना खाडे जास्त झाले.”

मी दोन्ही केस पेपर काढले. दुसऱ्याला जोडलेल्या फॉर्मवर माझी ती एकुलती एक खाडाखोड होती. मी म्हटलं, “पुढच्या मोजणीत नक्की होईल बघा, दोन महिने थांबला असतात तर...” आणि कागद तिच्यापुढे सरकवले.

तिनं कागदावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत होतं, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या कागदावरच्या गावाच्या नावाशी बोट थांबलं.

“हाई गावच ठेवा, ताई. तुम्ही लिखं ते खरं व्हई गयं.”

ती हसत होती, मला बरं वाटावं म्हणून. मी विचारलं, गावाला दवाखाना जवळ आहे का. नवरा म्हणाला, बारा किलोमीटर. डॉक्टर बुधवारी येतो म्हणतात.

मी औषधांच्या खिडकीशी जाऊन दोन पंप मागितले. नियमानं एकच मिळाला. तो महिनाभर पुरतो.